छातीवरचं नाव

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

चारशे पावलं. मोजली म्हणून सांगतो. चारशे पावलं पळालो आणि मग विद्यापीठाच्या रस्त्याकडेला एका दगडावर बसलो, तो एक कुत्रं समोर येऊन बसेपर्यंत उठलोच नाही. शेजारून एक सत्तरीचे आजोबा पळत गेले. त्यांनी माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. असला राग आला म्हणून सांगू!

पण फॉर्म मी भरला, सही मी केली, दोष कुणाला देणार? आठ फेब्रुवारीला दहा किलोमीटरची दौड आहे, कॅन्सरवरच्या संशोधनाला पैसे उभे करण्यासाठी. प्रत्येक पळणाऱ्यानं ओळखीपाळखीच्या लोकांकडून संस्थेला किमान पंचवीस हजारांची देणगी मिळवून द्यायची. माझं वय चोपन्न, वजन ब्याऐंशी किलो, कॉलेजच्या ऑफिसात अधीक्षक, पंचवीस वर्षं एकाच खुर्चीवर. याआधी पळालो ते शाळेत, मास्तर मागे लागले होते तेव्हा.

कारण उमा. एप्रिलमध्ये तिच्या स्तनात गाठ निघाली. मेमध्ये ऑपरेशन, मग सहा केमो, मग रेडिएशन. सगळं पुण्यात केलं. इथं शहरातही कॅन्सरचं सरकारी रुग्णालय आहे, पण इथं केलं असतं तर संध्याकाळपर्यंत आमच्या अख्ख्या उस्मानपुरा भागाला कळलं असतं. आमची वैदेही पुण्यात नोकरीला आहे, त्यामुळे ‘आई मुलीकडे गेलीय’ म्हणून भागलं. केस गेले त्याला टायफॉईड सांगितला. टायफॉईडनं केस जातात हे सगळ्यांना ठाऊक असतं, कुणी पुढं विचारलं नाही. वैदेहीचं लग्न व्हायचंय. ‘आईला ते झालं होतं’ म्हटलं की लोक मुलीकडे कसे बघतात ते मला माहीत आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. घरात तसं ठरलेलं आहे.

पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की उमाला लागू पडलेलं औषध काही वर्षांपूर्वी मिळतच नव्हतं. कुणीतरी वर्षानुवर्षं डोकं घालून बसलं आणि ते शोधलं, म्हणून ती आज आहे. त्या माणसांसाठी आपण काहीतरी करावं असं फार वाटत होतं. आता केलं तर पायात गोळे आले.

एप्रिलपासून या डायरीची पानं कोरीच आहेत. आता पळेन तेव्हा लिहीन. उमाला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडता निवडता म्हणाली, “पळा.” एवढंच. कौतुकाचा एक शब्द नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

हर्सूल तलावावर नव्या लोकांना फुकट शिकवतात असं कळलं म्हणून गेलो. शिकवणारा अजिनाथ, तिशी-बत्तिशीचा. वाळूजला कारखान्यात आहे, बजाजनगरला राहतो. घरचे लोक मेंढरं राखणारे, गंगापूरकडचे. अंगावर मूठभर मांस नाही, पण अहंकार भरपूर.

“सर, बूट नवे घेतलेत व्हय? मग आज नुसतं चाला.”

“चालायला नाही आलो. पळायला आलोय.”

“तुम्हाला अजून चालायलाच येईना, सर. टाचा आपटायलात. आधी चाला.”

चोपन्न वर्षं चालतोय मी! पण बाकीचे हसले, म्हणून चाललो. चार किलोमीटर. मध्येच त्याला कंपनीतून शिफ्ट बदलल्याचा फोन आला, तर तो आम्हाला तसंच सोडून तलावाच्या कडेनं पंधरा मिनिटं भांडत राहिला.

घरी आल्यावर उमानं विचारलं, “गाडी कुठं होती?” म्हटलं, गाडीवर गेलो होतो हर्सूलला. “म्हणजे पळायला गाडीवर जाता,” म्हणाली आणि पोळी टाकायला वळली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज नळाचा दिवस होता आणि मी विसरलो. आमच्याकडे पाणी आठवड्यातून एकदा येतं, ते पण कधी येईल याचा नेम नाही. काल लाइनमनला विचारून ठेवलं होतं, पहाटे साडेपाच म्हणाला होता. मी पाचलाच बूट घालून बाहेर. दर्ग्यापर्यंत जाऊन-येऊन दोन किलोमीटर, त्यातलं अर्धं पळत. खुशीत घरी आलो तर टाकी, पिंप, घागरी, पातेली सगळं भरलेलं आणि उमा ओट्याला टेकून उभी.

तिच्या डाव्या काखेतल्या गाठी काढल्यात. त्या हातानं वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलंय. “बादल्या उचलल्यास?” म्हणून ओरडलो. “मग पाणी जाऊ देऊ?” म्हणाली. दुपारी हात सुजला. मी ऑफिसातून तीनदा फोन केला, तिन्ही वेळा “बरा आहे.”

मी इतका जीव तोडून पळतोय तो कुणासाठी, आणि हिचं हे असं. आपल्यासाठी कुणी काही करत असेल तर माणसानं निदान साथ तरी द्यावी.

२० नोव्हेंबर, गुरुवार

देणगीचं आवाहन लिहून ऑफिसात आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकून आठ दिवस झाले. आलेली देणगी: तिघांची. त्यातला एक मी.

अकाउंट्सचा वैजनाथ माझा नोकरीतला पहिल्या दिवसापासूनचा मित्र. त्यानं आवाहन मोठ्यानं वाचून दाखवलं. “‘उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की’... अरे श्रीरंग, हे वाचून माणूस पैसे देईल का खुलासा देईल?”

“मग काय लिहू?”

“कुणासाठी पळायलास ते लिही. लोक माणसाला देतात रे, विषयाला देत नाहीत. कुणाला आहे कॅन्सर?”

“कुणाला नाही. सर्वसाधारण.”

“सर्वसाधारण कॅन्सर नसतो,” म्हणाला आणि चहा घ्यायला गेला.

संध्याकाळी उमाला विचारलं, नाव न घालता नुसतं ‘एका निकटवर्तीयासाठी’ असं लिहू का? ती म्हणाली, “तुम्ही ठरवाल तसं.” आता याला काय अर्थ? सरळ हो म्हणायचं नाही. तिचा तो हट्टच आहे, नाव नको म्हणजे नको. शेवटी नाहीच लिहिलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

३० नोव्हेंबर, रविवार

न थांबता तीन किलोमीटर! गुडघा कुरकुरतोय, पण तीन म्हणजे तीन.

अजिनाथनं सगळ्यांना विचारलं, कोण कुणासाठी पळणार. दौडीच्या दिवशी छातीवर नंबराचा कागद लावायचा असतो, त्याखाली नावाची जागा असते. त्यानं स्वतःच सुरुवात केली. “मी माझ्या मायसाठी. पुतळाबाई. तोंडाचा झाला होता. मिश्री लावायची लई. दोन वर्षं झाली जाऊन.” इतकं सरळ, जसं गावाचं नाव सांगावं. एकीनं नवऱ्याचं सांगितलं, एकानं भावाचं. माझी पाळी आली.

“सर, तुम्ही कुणासाठी पळायलात?”

“समाजासाठी,” म्हणालो.

तो म्हणाला, “बरं. समाज लई मोठा हाय सर, कागदावर बसायचा नाय.”

या लोकांचं बरं असतं, काही लपवावं लागत नाही. आम्हाला दहा बाजू बघाव्या लागतात.

मग त्यानं तलावाच्या बंधाऱ्यावर फेऱ्या मारायला लावल्या. बाकीचे कंटाळले, मला कंटाळा आला नाही. फेऱ्यांची सवय आहे. पुण्यात केमोच्या वेळी मी हॉस्पिटलच्या आवारात फेऱ्याच मारायचो, एकेका वेळी चार-चार तास. आत वैदेही बसायची. मला तो आतला वास सहन होत नाही.

१४ डिसेंबर, रविवार

नांदेडचे कंधारकर येऊन गेले. मुलगा विश्वजित इंजिनिअर, पुण्यातच आहे. अठ्ठावीस गुण जुळलेत. माणसं चांगली वाटली. वैदेही कालच आली होती.

उमानं पुण्याहून आणलेला केसांचा टोप घातला. मी तिला पंख्यापासून लांबच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. विश्वजितच्या आई म्हणाल्या, “वहिनी, बऱ्याच वाळलात हो, फोटोत अंगानं भरलेल्या होतात.” मी लगेच टायफॉईड सांगितला. कोणता महिना, कोणतं औषध, सगळं व्यवस्थित. उमा नुसती हसली. वैदेही मध्येच उठून आत गेली ती पाच मिनिटं आलीच नाही. पाहुण्यांसमोर हे बरं दिसतं का?

ते गेल्यावर तिला बोललो. ती म्हणाली, “बाबा, तुम्हाला टायफॉईडची इतकी माहिती आहे. आईच्या औषधाचं नाव माहितीये का?” उगाच फाटे फोडायचे. आज पळणं झालं नाही.

२३ डिसेंबर, मंगळवार

काहीतरी विचित्र चाललंय. गेले आठ-दहा दिवस लोक माझ्याशी फार गोड वागताहेत. वाण्यानं रांगेतून पुढं घेतलं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या द्वारकाकाकू, ज्यांनी वीस वर्षांत माझ्या गाडीच्या जागेवरून भांडण केलं नाही असा महिना नाही, त्यांनी परवा आपली कुंडी उचलून माझ्या गाडीला जागा करून दिली. प्राचार्य म्हणाले, “धारूरकर, चारला निघत जा हवं तर.” आणि देणग्या! चव्वेचाळीस हजार. ज्यांना मी तीनदा निरोप टाकला त्यांनीसुद्धा दिले.

मला वाटलं, आवाहनाची भाषा बदलली त्याचा परिणाम. आज शिपाई टेबलावर शहाळं ठेवून गेला. मागोमाग वैजनाथ आला, दार लोटून बसला. डोळ्यांत पाणी.

“श्रीरंग, दुनियेला नाही तर नाही, मला तरी सांगायचं होतंस.”

“काय सांगायचं होतं?”

“सात किलो उतरलास. पहाटे उठून डॉक्टरनं सांगितल्यासारखा फिरतोस. कॅन्सरसाठी पैसे मागतोस आणि कुणासाठी ते सांगत नाहीस. माणसं काय आंधळी आहेत का रे?”

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला अर्धं मिनिट लागलं. “अरे गाढवा, मला काही झालेलं नाही! पळून उतरलोय!”

“बरं बरं. नाही तर नाही,” असं म्हणून त्यानं माझी पाठ थोपटली. “मग कुणाला झालाय?”

यावर मी काय बोलणार? गप्प बसलो. माझं गप्प बसणं त्यानं होकार धरलं आणि नाक पुसत गेला. हात दाखवून अवलक्षण ते हेच. ठणकावून सांगावं तर पुढचा प्रश्न उमाकडे जातो. न सांगावं तर मी मरणपंथाला लागलेला. आणि एक खोटं कशाला लिहू, चव्वेचाळीस हजारांचा आकडा बघून बरंही वाटतं.

उमाला सांगितलं, म्हटलं निदान हसेल. ती मटार सोलत होती. “आणि तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? गप्प बसलो.”

“शहाळं आणलंत का घरी? ठेवा फ्रीजमध्ये. मला या गल्लीतलं कुणी कधी आणून दिलं नाही, पिऊन बघते.”

ठेवलं फ्रीजमध्ये.

५ जानेवारी २०२६, सोमवार

नवी डायरी. कॉलेजची यंदाची फारच हलक्या कागदाची आहे.

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. शुक्रवारी कंधारकरांचा फोन आला. आधी हवापाणी, मग, “आपली तब्येत कशी आहे?” मी म्हटलं उत्तम. ते म्हणाले, “नाही, इकडं आमच्या एका नातलगांच्या कानावर आलं.” नांदेडपर्यंत गेली बातमी! शनिवारी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. रक्त, लघवी, छातीचा फोटो, कार्डिओग्राम. सगळं स्वच्छ. आज बाराच्या बारा पानं कंधारकरांना व्हॉट्सॲपवर पाठवली. त्यांनी नुसते जोडलेले हात पाठवले.

वैदेहीला कळलं तर फोनवर किंचाळली. “बाबा, तुम्ही स्वतःच्या लघवीचा रिपोर्ट माझ्या सासऱ्यांना पाठवलात?” अजून सासरे झालेले नाहीत म्हटलं, तर फोन आपटला.

सहा किलोमीटर, एक तास दोन मिनिटं. अजिनाथ म्हणतो, “मेंढरू पण याच्याहून जोरात जातंय, सर.”

१८ जानेवारी, रविवार

सकाळी आठ किलोमीटर झाले. पहिल्यांदाच. ते लिहायला बसणार होतो. ते राहिलंच.

संध्याकाळी द्वारकाकाकूंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. गेल्या वर्षीपर्यंत गाणी, उखाणे, सगळ्यात उमा पुढं असायची. यंदा नको म्हणत होती, मीच पाठवली. म्हटलं, नाही गेलीस तर लोक शंका घेतील. स्कार्फ बांधून गेली. वीस मिनिटांत परत. एका हातात वाणाची प्लास्टिकची चाळणी, दुसऱ्या हातात स्कार्फ. डोकं उघडं. इंचभर केस आलेत तिचे, निम्मे पांढरे.

“असा कसा काढलास स्कार्फ? जिन्यात कुणी बघितलं का?”

“सगळ्यांनी.”

मग ती पाणी प्यायली आणि तिनं सांगितलं. खाली गेल्याबरोबर बायका गप्प झाल्या. हळदीकुंकू लावताना काकूंनी नेहमीपेक्षा मोठं कुंकू लावलं, दोन्ही हात धरले आणि रडायलाच लागल्या. “उमा, पुढच्या संक्रांतीचं कुणी बघितलंय गं. यंदा मन भरून लेवून घे.” मागून कुणीतरी विचारलं, किती दिवस दिलेत डॉक्टरांनी श्रीरंगरावांना?

“मग मी सांगितलं,” उमा म्हणाली. “ह्यांना काही झालेलं नाही. ह्यांना पळायचं खूळ लागलंय. कॅन्सर मला झाला होता.”

माझं डोकंच फिरलं. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. अक्कल आहे का म्हणालो. नऊ महिने जपलं ते तू वीस मिनिटांत घालवलंस म्हणालो. पोरीचं वाटोळं केलंस असंही म्हणालो. शेवटी म्हणालो, “नाव नको, नाव नको म्हणून माझ्या जिवाला घोर लावलास, आणि आता स्वतःच?”

ती इतका वेळ उभी होती, ती खुर्चीवर बसली.

“मी कधी म्हटलं नाव नको? रिपोर्ट घेऊन आपण रिक्षानं येत होतो. क्रांती चौकात सिग्नल लागला होता. मी रडत होते. तुम्ही रिक्षावाल्याच्या आरशात बघितलंत आणि हळूच म्हणालात, रडू नको, तो बघतोय. आणि कुणाला बोलू नको, वैदेहीचं व्हायचंय. त्यानंतर मी कुणापुढं रडलेय का, आठवा बरं.”

मी म्हटलं, असं काही मी बोललो नव्हतो.

१९ जानेवारी, सोमवार

पळायला गेलो नाही.

२१ जानेवारी, बुधवार

जुनी डायरी काढली. माझ्या आठवणीप्रमाणे एप्रिलची पानं कोरी असायला हवी होती. एक नाहीये. जसंच्या तसं उतरवतो.

‘११ एप्रिल, शुक्रवार. उमाचा रिपोर्ट आला. चांगला नाही. कुणालाही कळता कामा नये असं तिला बजावलं. तिनं मान हलवली. ऑडिटवाले सोमवारी येणार, फाइली लावून ठेवणे.’

अक्षर माझंच आहे. ‘बजावलं’ हा शब्दही माझाच, ऑफिसात रोज वापरतो. दुपारभर ती ओळ डोळ्यांसमोरून हलली नाही. स्वतःची इतकी चीड मला आजवर कधी आली नव्हती. उमाशी अजून बोललो नाही. ती मात्र रोजच्यासारखी पोळी वाढते.

२८ जानेवारी, बुधवार

कंधारकरांचा निरोप. पत्रिका पुन्हा एका जाणकारांना दाखवली, त्यात नाडीदोष निघाला. अठ्ठावीस गुण जुळलेल्या पत्रिकेत! मी तोंडात येईल ते टाइप केलं आणि पुसून टाकलं.

वैदेहीला फोन केला. ती शांत होती. “बाबा, विश्वजितला मी पहिल्याच फोनवर सांगितलं होतं आईचं.”

“मग?”

“तो म्हणाला, मला चालेल, पण आमच्या घरी बोलू नकोस. तेव्हाच वाटलं, हे तर आपलंच घर झालं.” मग म्हणाली, “मला वाईट वाटतंय. पण आईनं सांगितलं ते बरं झालं.”

घरात तर वेगळाच ताप. द्वारकाकाकू रोज दुपारी येतात आणि उमाबरोबर आतल्या खोलीचं दार लावून बसतात. रविवारी मी आत जायला लागलो तर उमा म्हणाली, “तुम्ही जरा बाहेर थांबा.” माझ्याच घरात मी जिन्यात उभा! काल उमा त्यांना रिक्षानं कुठंतरी घेऊन गेली. परत आल्या तेव्हा काकूंच्या कापडी पिशवीतून फाइलचा कोपरा दिसत होता आणि तोंड उतरलेलं होतं. कुठं गेला होतात विचारलं, तर उमा म्हणाली, “ते त्यांना सांगायचं तेव्हा त्या सांगतील. वर्षभर अंगावर काढलं बाईनं.” अख्ख्या गल्लीच्या बातम्या वाटणारी बाई, आणि स्वतःचं एवढं गुलदस्त्यात. कमाल आहे.

गाडी मात्र पुन्हा बाहेर लावावी लागतेय, कुंडी जागेवर आली. त्या कुंडीचा राग येईना, हे एक नवलच.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

नंबराचा कागद आणला. मागच्या आठवड्यात संस्थेच्या फॉर्मवर मी नाव भरून पाठवलं होतं: सौ. उमा श्रीरंग धारूरकर. आधी तिला विचारलं. ती म्हणाली, “आता विचारताय?” पण हो म्हणाली.

टेबलावरच्या मुलीनं पाकीट दिलं, मी उघडून बघितलं. जाड अक्षरांत छापलेलं: ‘कै. सौ. उमा श्रीरंग धारूरकर यांच्या स्मरणार्थ’.

“अहो, ही जिवंत आहे!” मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की अख्खी रांग वळून बघायला लागली.

मुलगी घाबरली. “सॉरी काका, बायकोचं नाव आलं की आम्ही... बहुतेक सगळी स्मरणार्थच असतात ना. आता दुसरा छापायला वेळ नाही.”

अजिनाथ शेजारीच होता, आईच्या नावाचा कागद घेऊन. तो हसेल असं वाटलं. तो हसला नाही. “काकू हायेत ना? मग खोडा की सर ते. मला खोडता आलं असतं तर मी बी खोडलं असतं.”

घरी येताना रस्ताभर मनात शिव्या दिल्या. कागद लपवावा असं मनात आलं. मग आठवलं की लपवण्यात आपण चांगलेच तरबेज झालोय. सरळ उमाच्या हातात दिला.

तिनं वाचला. परत वाचला. आणि हसायला लागली. भिंतीला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दहा महिन्यांत ती अशी हसली नव्हती. “अहो, हळदीकुंकवात मला विधवा करून टाकलं होतं, इथं निदान सवाष्ण मेले!” मग पदरानं डोळे पुसले. पुसता पुसता रडायला लागली. मी आधी खिडकीकडे बघितलं, कुणी बघतंय का म्हणून. सवय जात नाही. मग तिच्याजवळ जाऊन बसलो. “रड,” म्हणालो. चांगली अर्धा तास रडली.

नंतर तिनं माझ्या खिशातलं पेन घेतलं, ‘कै.’वर काट मारली, आणि ‘स्मरणार्थ’ खोडून त्यावर ‘साठी’ लिहिलं.

८ फेब्रुवारी, रविवार

दहा किलोमीटर. एक तास सेहेचाळीस मिनिटं. माझ्या मागं तिघं होते, त्यातला एक लंगडत होता.

कौतुक करण्यासारखं काही घडलं नाही. चौथ्या किलोमीटरला पोटात कळ, सहाव्याला गुडघा गेला. वाटेत तिघा-चौघांनी कागद वाचून विचारलं, हे खोडलंय काय? प्रत्येकाला धापा टाकत सांगितलं, बायको आहे माझी, कॅन्सर झाला होता, बरी आहे. पहिल्यांदा जीभ अडखळली. चौथ्यांदा नाही.

उस्मानपुरा सर्कलला आठवा किलोमीटर. तिथं फुटपाथवर प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. एकीवर द्वारकाकाकू, एकीवर उमा. स्कार्फ नाही. मी थांबलो, गुडघ्यावर हात टेकून.

“उमा, होत नाही आता.”

“मग चाला. कुणी मागे लागलंय का?” तिनं बाटली दिली. मी पाणी पीत असताना म्हणाली, “मंगळवारी माझी पहिली तपासणी आहे, उपचार संपल्यानंतरची. इथल्याच हॉस्पिटलात.”

“माहितीये. मी येतो ना सोडायला.”

“सोडायला नको. सहा वेळा तुम्ही खाली फेऱ्या मारत होतात. मला वरच्या खिडकीतून दिसायचं. मी मोजायची. एकदा एकशे बारा झाल्या होत्या.” तिनं बाटलीचं झाकण लावलं. “या खेपेला आत बसा.”

उरलेले दोन किलोमीटर चाललो. टाचा न आपटता.

१० फेब्रुवारी, मंगळवार

हे हॉस्पिटलातच लिहितोय, डायरीच्या पाठीमागच्या पानावर.

वैदेहीचा सकाळीच निरोप आला होता, त्यात नुसतं औषधाचं नाव. ते लांबलचक नाव रिक्षात पाठ केलं. क्रांती चौकात सिग्नल लागला तेव्हा मोठ्यानं म्हणून दाखवलं. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. उमानं माझा एक उच्चार सुधारला.

आत तोच वास आहे. नर्सबाई म्हणाल्या, पुरुषांनी बाहेर बसलं तरी चालेल, वेळ लागेल. मी म्हटलं, इथंच बसतो. समोरच्या बाकावर द्वारकाकाकू, मांडीवर तीच कापडी पिशवी. त्यांचाही आज नंबर आहे. मी काही विचारलं नाही. नुसतं त्यांची बाटली भरून आणली, आणि त्यांनी ती घेतली.

उमाला आत बोलावून पाऊण तास झाला. जाताना स्कार्फ आणि पर्स माझ्याकडे देऊन गेली. रिपोर्ट शुक्रवारी मिळेल. त्यात काय येईल ते माहीत नाही. भीती वाटतेय. काकूंना तसं बोलून दाखवलं, त्या म्हणाल्या, “मला पण.”

परवाच्या पळण्यानं दोन्ही पोटऱ्यांत गोळे आलेत. उठून चार पावलं टाकली तर बरं वाटेल. पण आतून हाक आली आणि मी जागेवर नसलो तर, म्हणून बसून आहे.